धुतल्यावर तिरका होणारा स्वेटर आणि झोपलेला पीळ

लक्षण आधी सांगते, म्हणजे ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांचा वेळ जायला नको. हातानं कातलेल्या लोकरीचं विणकाम सुयांवर असताना सरळ असतं. टाके बंद करून टेबलावर पसरलं तरी सरळ. मग ते पहिल्यांदा पाण्यात जातं, वाळतं, आणि चौकोनाचा शंकरपाळा होऊन बाहेर येतं. खालची कड जागच्या जागी, वरची कड एका अंगाला सरकलेली, टाक्यांच्या उभ्या रांगा वाऱ्यातल्या पावसासारख्या तिरक्या. स्वेटर असेल तर बगलेखालची शिवण चालत चालत पोटावर येते. ओढून, टाचण्या लावून सरळ केला तर पुढच्या धुण्यापर्यंत शहाण्यासारखा राहतो. पुन्हा भिजला की पुन्हा तेच.

चार हिवाळ्यांत माझे तीन स्वेटर असे गेले. पहिला मुलाचा. तो बिचारा काही बोलला नाही, पण कॉलेजला जाताना शिवण मागं ढकलत घराबाहेर पडायचा. दुसरा नवऱ्याचा, अर्ध्या बाह्यांचा. तिसरा सासूबाईंचा, समोरून उघडा, ज्याची बटणपट्टी धुतल्यावर बेंबीपाशी निघून खांद्याकडं पोचायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "पाय एका अंगाला घेऊन बसतीस नि विणतीस, ते सरळ कसं येणार?" मी दोन महिने खुर्चीवर ताठ बसून विणलं. त्याचा फायदा कमरेला झाला.

बाकीचेही उपाय केले. आठ नंबरच्या सुया सोडून दहा नंबरच्या घेतल्या, म्हणजे ४ मिलिमीटरवरून सव्वातीनवर आले. तिरकेपणा थोडा कमी झाला, कारण घट्ट विणीत टाक्याला वळायला जागाच राहत नाही. पण स्वेटर पुठ्ठ्यासारखा झाला. एकीनं सांगितलं, गुंडा आतून ओढू नकोस, धाग्यात पीळ भरतो. खरं आहे, भरतो. पण हिशेब करून बघा: गुंड्याचा एक वेढा २५ सेंटिमीटरचा धरला तर आतून ओढताना तेवढ्या धाग्यात एक वळसा वाढतो किंवा कमी होतो, म्हणजे १० सेंटिमीटरला अर्धासुद्धा नाही. त्यानं शिवण पोटावर येत नाही. बेळगावच्या खडे बाजारातल्या एका दुकानात स्वेटर दाखवला तर मालक म्हणाला, "वैनी, तयार लोकर घ्या की, हे कशाला?" मला राग आला. पण तो नकळत बरोबर बोलला होता. दुकानातली चार पेडी लोकर सहसा तिरकी जात नाही, म्हणूनच तीस-तीस वर्षं विणणाऱ्या बायकांना हे दुखणं ठाऊकच नसतं.

तुमच्या घरात त्याचा एक नमुना मात्र नक्की आहे. कपाटातला एखादा स्वस्तातला सुती टी-शर्ट काढा, दहा-बारा वेळा धुतलेला. बाजूची शिवण खाली येताना पुढं किंवा मागं फिरलेली दिसेल. तो टी-शर्ट एकेरी सुताच्या साध्या विणीचा असतो, आणि माझे तिन्ही स्वेटर तसेच होते. रोग एकच.

धागा कातताना आपण तंतूंना पीळ देतो. पीळ म्हणजे गुंडाळून ठेवलेला जोर. तंतूंना उलगडायचं असतं, आपण त्यांना उलगडू देत नाही. एकेरी धाग्यात हा सगळा जोर एकाच दिशेचा असतो. विणलं की धाग्याचा प्रत्येक फास मोकळा लोंबत असतो, त्याला अडवणारं कुणी नाही, मग तो जरासा वळतो. एका टाक्याचं वळणं डोळ्याला दिसत नाही. शंभर टाके नि दीडशे ओळी सगळ्या एकाच दिशेला वळल्या की अख्खा स्वेटर फिरतो. दुपेडी धाग्यात दोन एकेरी धागे उलट दिशेनं एकमेकांवर वळलेले असतात, त्यामुळं एकाचा जोर दुसऱ्याच्या जोरावर फिटतो. एवढंच कारण.

मग विणताना आणि विणून झाल्यावर तो सरळ का दिसला? हाच भाग मला चार वर्षं समजला नव्हता. लोकरीचा धागा चातीवर, म्हणजे कातायच्या टकळीवर, किंवा गुंड्यात काही दिवस तसाच गुंडाळलेला राहिला की तंतू त्या वळणाला सवकतात. धागा सोडला तरी तो अंगाभोवती वळत नाही, गप्प लोंबतो. आपल्याला वाटतं पीळ मुरला. तो मुरलेला नसतो, झोपलेला असतो. कोमट पाण्यात घातला की लोकरीनं धरलेलं ते तात्पुरतं वळण सुटतं आणि पहिल्या दिवसाचा जोर जसाच्या तसा परत येतो.

मला हे कळलं ते बादलीत. दुरुस्तीसाठी उरलेला हातभर धागा सासूबाईंच्या स्वेटरला आतून टाचून ठेवला होता, एक टोक मोकळं. धुताना ते टोक पाण्यावर तरंगलं आणि बघता बघता स्वतःभोवती वळून त्याची चकली झाली. तोच धागा कोरडा असताना सुतळीसारखा सरळ होता. मी स्वेटर तसाच पाण्यात सोडून घरातला कातलेला प्रत्येक गुंडा आणून एकेक वीत धागा भिजवत बसले. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "काय करूलालीस गे? जेवायचं हाय का नाही आज?"

आधी हे तपासा

धाग्याचा दोष धरण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा. एक, कडा गुंडाळल्या जाणं म्हणजे तिरकं जाणं नव्हे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण कडेला गुंडाळते, तो तिचा स्वभाव आहे, त्याला धागा जबाबदार नाही. दोन, टाक्यांच्या बुडाशी बघा. टाक्याचे दोन पाय व्ही अक्षरासारखे उघडे असले तर ठीक. एकावर एक चढलेले, कात्रीसारखे असले तर तुम्ही टाका मागून उचलताय किंवा उलट ओळीत धागा सुईवर उलटा घेताय. आपल्याकडं बरीच मंडळी आई-आज्जीच्या हाताकडं बघून शिकलेली, त्यात ही सवय पुष्कळ सापडते. असे टाके स्वतःच तिरके ओढतात, तयार लोकरीतसुद्धा. उलट ओळीत धागा घ्यायची दिशा बदलली की हे दुखणं संपतं.

आता धागा. हातभर तुकडा तोडा, कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. काढून बोटांनी पाणी निपटा, दोन्ही टोकं एकाच हातात धरा आणि खाली झालेला फास मोकळा सोडा. झोळीसारखा रुंद लोंबला तर तो धागा शांत आहे. स्वतःवर एक-दोन वेढे घेऊन थांबला तर चालण्यासारखा. वरपर्यंत वळत गेला तर त्यानं कितीही सुंदर विणलं तरी तिरकं जाणार. ही परीक्षा कोरड्या धाग्यावर केली तर तिचा काही उपयोग नाही. मी चार वर्षं कोरडीच करत होते.

विणलेला तुकडा आधीच तिरका झाला असेल तर तो कुठल्या अंगाला झुकला ते बघा, त्यावरून बरंच कळतं. सुलट बाजू समोर धरायची. चाती वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवून कातलेल्या धाग्याला झेड पीळ म्हणतात, कारण त्याचे वळसे इंग्रजी झेडच्या मधल्या रेषेसारखे दिसतात. उलट फिरवली तर एस. आपण बहुतेक जणी उजव्या हातानं चुटकी वाजवल्यासारखी चाती फिरवतो तेव्हा झेडच होतो. एकेरी झेड धाग्याची वीण वर जाताना उजवीकडं झुकते, एस धाग्याची डावीकडं. दुपेडी धागा केला असूनही वीण उजवीकडं झुकत असेल, तर पेड घालताना उलटा पीळ कमी पडला. डावीकडं झुकत असेल तर जास्त झाला. हो, जास्तही होतो. पहिल्यांदा मी भीतीपोटी इतका घट्ट पेड घातला की दुसऱ्या बाजूला तिरकं गेलं, आणि मला वाटलं सगळी थिअरीच खोटी.

मी स्वतः ३० टाके घालून ४० ओळींचा नमुना विणते, धुते, न ओढता पंच्यावर वाळवते आणि वरची कड किती सरकली ते पट्टीनं मोजते. १० सेंटिमीटर उंचीला १ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सोडून देते. माणसंसुद्धा तेवढी तिरकी असतातच.

कांबळ्याचा धागा सुयांवर

आमच्या भागात हा प्रश्न वारंवार येण्याचं अजून एक कारण आहे, आणि ते दुसरीकडच्या पुस्तकात सापडणार नाही.

माझं माहेर बेळगावजवळच्या येळ्ळूरचं. भात निघालं, मागची मसूर निघाली की राजहंसगडाच्या पायथ्याकडच्या शिवारात मेंढरं बसवायला येतात. रात्री शेतात कळप बसला की जमिनीला खत होतं. कळप धनगरांचे, कन्नड बोलणाऱ्या कुरुबांचे; मेंढरं दख्खनी, काळी नि करडी. ही लोकर परदेशी मेरिनो मेंढीच्या लोकरीसारखी मऊ नाही. तंतू जवळजवळ दुप्पट जाड, मधे मधे राठ केस, आणि त्यात गोखरू, कुसळं, काय नाही ते. मी ती रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुते आणि कुत्र्याचे केस विंचरायच्या तारेच्या दोन ब्रशांनी पिंजते. शहापुरातल्या सुतारानं करून दिलेली साठ ग्रॅमची चाती त्यावर चालते.

सुरुवातीला मात्र मी कातलेला धागाच विकत घेतला. कळपाबरोबर आलेली आक्का बांधावर बसून कातत होती. ती कन्नड बोलते, मी मराठी, मधल्या वाटेवर दोघींचं भागतं. तिचा धागा इतका एकसारखा होता की मला माझीच लाज वाटली. अर्धा किलो घेतला. स्वेटर करणार म्हटल्यावर ती हसली. "आंगी? ह्येची? हे कंबळीचं हाय आक्का, हुरी गच्च हाय." कन्नडमध्ये हुरी म्हणजे पीळ. ती मला सगळं सांगून मोकळी झाली होती. मीच शहाणी, मला वाटलं ती कौतुक करतेय.

कांबळ्याच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्याला, गच्च पीळच लागतो. मागावर तो धागा ताणून बांधलेला असतो, त्याला चिंचोक्याची खळ लावून कडक करतात, आणि विणल्यावर आडव्या धाग्यांनी तो जागोजागी आवळून धरलेला असतो. त्याला वळायचं म्हटलं तरी जागा कुठं आहे? त्यामुळं एकेरी असूनही कांबळं सरळ राहतं. तोच धागा सुयांवर घेतला की त्याला हातपाय पसरायला रान मोकळं.

त्यात तंतूचा जाडेपणा. तंतू पिळायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. दुप्पट जाड तंतू सोळापट ताठ. तेवढ्याच वजनाच्या धाग्यात असे तंतू चौथ्या हिश्शानं मावतात, म्हणजे सरतेशेवटी धागा चौपट जोर धरून बसतो. मेरिनोचा एकेरी धागा सैल कातून टोपी विणली तर खपून जाते. परदेशी व्हिडिओंत एकेरी धाग्याचे सुरेख स्वेटर दिसतात ते याच हिशेबावर. दख्खनीत तो हिशेब चालत नाही. बाहेरच्या मऊ लोकरीसाठी दिलेले सल्ले इथल्या लोकरीला लावताना एवढं ध्यानात ठेवा.

दुरुस्ती कातण्यातच

ज्या दिवशी कातला त्याच दिवशी, चातीवरून उतरायच्या आधी, एकेरी धाग्याचा वीतभर फास स्वतःवर वळू द्यायचा. झोपेच्या आधी तो खरं बोलतो. हा वळलेला तुकडा पुठ्ठ्याला बांधून ठेवायचा. आमच्या घरी लग्नपत्रिकांना तोटा नाही, त्यांचा पुठ्ठा जाड असतो. पुढं आठ दिवसांनी पेड घालायला बसाल तेव्हा धागा निपचित असेल, त्याला विचारू नका. पुठ्ठ्यावरच्या नमुन्यासारखा दिसेपर्यंत उलट दिशेनं पीळ घाला. त्या वेळी चातीवरचा दुपेडी धागा नजरेला जास्तच पिळलेला वाटतो, कोरडा असताना उलटा वळतोसुद्धा. घाबरू नका. एकेरीतला झोपलेला पीळ पाण्यात उठला की दोघं बरोबरीला येतात.

आकड्यांत हवं असेल तर दुपेडीला एकेरीच्या साधारण दोन तृतीयांश पीळ लागतो. माझ्या दख्खनीला एकेरीत १० सेंटिमीटरला ३० वळसे असतात, म्हणून दुपेडीत २०. मोजायला सोपं: दुपेडी धाग्याच्या एका बाजूनं बघितलं तर दर वळशाला दोन उंचवटे दिसतात. १ सेंटिमीटरला ४ उंचवटे आले की झालं. सुरुवातीला दर दोन हातांवर मोजायचे, नंतर अंगठ्यालाच कळतं.

पेड घातल्यावर धागा फाळक्यावर, म्हणजे लड करायच्या चौकटीवर, घेऊन लड बांधायची, चार ठिकाणी सैल गाठी मारायच्या आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवायची. पिळायची नाही, पंच्यात दाबून पाणी काढायचं. मग लडीत दोन्ही हात घालून जोरात झटकायची, जागा बदलत पाच-सहा वेळा. आणि वाळत घालताना तिला वजन लावायचं नाही! हे मी मोठ्यानं लिहितेय, कारण लडीला पाण्याची बाटली लटकवून वाळवणं ही माझीच युक्ती होती आणि ती मी चार जणींना शिकवली. वजनानं ताणून वाळवलेली लड इस्त्री केल्यासारखी दिसते. ताण गेल्यावर, पाणी लागल्यावर ती मूळपदावर येते. त्या चौघींची इथं जाहीर माफी.

लोकरीला वाफ देऊन पीळ बसवता येतो का, असं विचारतात. बऱ्यापैकी बसतो. पण वाफ जास्त झाली की लोकर निर्जीव होते, स्वेटरला जी उसळी हवी ती जाते. मी करत नाही.

पावसाळ्यात

माझ्या तिन्ही स्वेटरांची लोकर जून ते सप्टेंबरमधली होती, हे मी नंतर वहीत बघितलं. बाहेर पडता येत नाही, मग घरात बसून कातायचं, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की विणायचं, असा माझा क्रम. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. खानापूर-जांबोटीकडच्यांनी तर हसूच नये. लोकर हवेतली ओल पिते, आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पिऊनही हाताला कोरडी लागते. ओलसर तंतू मऊ पडतो आणि दिलेलं वळण लवकर धरतो. माझा अनुभव असा की मार्चमध्ये कातलेला धागा चार-पाच दिवस वळवळतो, जुलैमधला दुसऱ्या दिवशीच निपचित पडतो. त्याला बघून मला वाटायचं, वा, काय संतुलित धागा आलाय. अथणी, रायबागकडच्या कोरड्या हवेत राहणारीला ही फसगत एवढी होणार नाही, तिचा धागा इतक्या लवकर निपचित पडत नाही.

तेव्हा पावसाळ्यात पुठ्ठ्यावरचा नमुना त्याच दिवशी, शक्य तर चाती हातात असतानाच घ्या. लड वाळायला तीन दिवस लागतात, दमट वास येतो. चुलीवर किंवा शेगडीवर घाई करू नका. पंख्याखाली काठीला घालून दर दोन तासांनी फिरवा. नमुना विणून धुतला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय मोजू नका, ओल्या तुकड्याचा कल खोटा असतो.

सूत असेल तर

कापसाचं गणित थोडं वेगळं. आपल्या पूर्वेकडच्या काळ्या जमिनीतला जयधरसारखा देशी कापूस आखूड धाग्याचा, त्याला पीळ जास्त द्यावाच लागतो, नाहीतर तुटतो. म्हणजे एकेरी सूत लोकरीपेक्षाही जास्त वळवळणार. आज्जेसासऱ्यांचा पेटी चरखा आमच्याकडं आहे. त्यावरच्या सुताची बाळाची टोपडी मी विणली, ती धुतल्यावर बाळ एका कानानं ऐकतंय असं दिसायचं.

डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आमच्या बेळगावात भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढं एकच. त्या वेळी सभासद व्हायचं तर महिन्याला २,००० वार सूत द्यायचं असं ठरलं. जवळच्या हुदलीत खादीचं काम अजून चालतं. पण ते सगळं सूत मागावर जाणारं, एकेरीच चालणारं. घरातल्या मोठ्यांनी शिकवलेलं कातणं हे कापडासाठीचं कातणं आहे, विणकामासाठी त्यात एक पायरी वाढवावी लागते, आणि ती त्यांनी शिकवली नाही यात त्यांची चूक नाही. हिशेब म्हणून बघा: २,००० वार म्हणजे सुमारे १,८३० मीटर. दुपेडी केलं की उरतात नऊशेच्या आसपास मीटर. पातळ सुताचं तेवढ्यात टोपडी-मोजे होतील, मोठ्या माणसाचा स्वेटर नव्हे.

सुताला पाण्यात भिजवून भागत नाही. दुपेडी लड साबणाचं पाणी नि चमचाभर धुण्याचा सोडा घालून वीस-पंचवीस मिनिटं उकळायची. पाणी चहासारखं तपकिरी होतं, ते कापसातलं मेण आणि मळ. उकळल्यावर सुताचा पीळ लोकरीपेक्षा चांगला बसतो. एकेरी सूतही उकळून वापरता येतं, पण थोडा कल राहतोच.

झालेल्या स्वेटरचं काय

शिवून तयार झालेला स्वेटर टाचण्यांनी कायमचा सरळ होत नाही, तो नाद सोडा. गुंडे शिल्लक असतील आणि पेड घालायला लोकर पुरणार नसेल तर वीण बदला. सगळ्या ओळी सुलट घातल्या, किंवा एक टाका सुलट एक उलट अशी दाणेदार वीण घेतली, तर पुढची नि मागची बाजू एकमेकींना उलट ओढतात आणि कल जवळजवळ नाहीसा होतो. त्या आक्काच्या कंबळीच्या धाग्याचा मी शेवटी सगळ्या सुलट ओळींचा जाड मफलर केला. मान खाजते, पण सरळ आहे.

दुसरा मार्ग, निम्मी लोकर मुद्दाम चाती उलटी फिरवून कातायची. मग दोन ओळी झेड धाग्याच्या, दोन ओळी एसच्या, अशी पाळी लावायची, किंवा दोन्ही धागे एकत्र धरून विणायचं. डाव्या फिरकीला हात बसायला मला पंधरा दिवस लागले, आणि दोन्ही गुंडे दिसायला सारखेच असल्यानं चिठ्ठ्या लावाव्या लागतात. एकदा चिठ्ठी पडली. पुढचं सांगत नाही.

सासूबाईंचा स्वेटर मी उसवला. लोकर फाळक्यावर घेऊन लडी केल्या, भिजवल्या. सगळा धागा उठून बसला, लडीच्या लडी वळून दोरखंडासारख्या झाल्या, म्हणजे पीळ किती शाबूत होता बघा. त्या वाळवून दोन-दोन धाग्यांचा उलटा पेड घातला, भिजवला, झटकला, बिनवजनाचा वाळवला, नमुना धुऊन मोजला. १० सेंटिमीटरला अर्धा सेंटिमीटर कल. पुन्हा तोच स्वेटर विणला. तीनदा धुऊन झालाय, बटणपट्टी नाकासमोर चालते.

दुपेडी केल्यावर धागा अर्धा होतो हे मात्र घालताना सासूबाईंच्या लक्षात आलं. दोन्ही हात बाहेर काढून त्या म्हणाल्या, "बाह्या कुठं गेल्या गे?"

"पेडात गेल्या, आई."